एनएफएस: कोणाकडे काय उघडं आहे हे सर्व्हरने लक्षात ठेवावं का?

लॅबवाली_सांगली, सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगलीत एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. साठ लिनक्स यंत्रं आणि एक सर्व्हर आहे. मुलांच्या होम डिरेक्टऱ्या सर्व्हरवर असतात आणि एनएफएसने (दुसऱ्या यंत्रावरच्या फायली नेटवर्कवरून आपल्याच असल्यासारख्या वापरायची पद्धत) प्रत्येक यंत्रावर दिसतात. मूल कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी त्याचं काम समोर यावं, एवढाच हेतू.

कित्येक वर्षं एनएफएसच्या आवृत्ती ३ वर हे निवांत चाललं. यंदा नवी यंत्रं आली, नवं लिनक्स आलं, आणि माउंट (सर्व्हरच्या फायली यंत्राला जोडणं) आपोआप ४.२ वर गेलं. तेव्हापासून सकाळची बॅच बसली की गोंधळ सुरू होतो. पहिली दोन-चार यंत्रं झकास चालतात. जसजशी पुढची चालू होतात तसतशी आधीची अडखळायला लागतात. लिबरऑफिसमध्ये सेव्ह करताना ‘इनपुट आउटपुट एरर’ येते, फायरफॉक्स गोठतो, आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘लॉक रिक्लेम फेल्ड’ (फाइलवरचा ताबा परत मागणं फसलं) अशा ओळी पडतात. सर्व्हर एकदाही रीबूट झालेला नाही. पिंग व्यवस्थित, डिस्क व्यवस्थित, स्विच बदलून पाहिला.

वाचून वाचून माझं मत असं झालंय की आवृत्ती ४ मध्ये सर्व्हर प्रत्येक क्लायंटचा (जोडलेल्या यंत्राचा) हिशेब ठेवत बसतो, तेच दुखण्याचं मूळ आहे. आवृत्ती ३ चा सर्व्हर काहीच लक्षात ठेवत नव्हता, म्हणून काही बिघडतही नव्हतं. परत ३ वर जावं का? मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्यात. एखाद्या पोराचा प्रोग्रॅम ऐन वेळी सेव्ह झाला नाही तर त्याला काय सांगू, ही खरी काळजी आहे.

कासपठार, सोमवार, रात्री १०:०५

सरळ ३ वर जा. माउंटच्या पर्यायात आवृत्ती ३ लिहायची, विषय संपला. माझ्याकडे अजूनही सगळं ३ वरच आहे. सर्व्हर विसरभोळा असलेलाच बरा. तो पडला, उठला, क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवली, काम पुढे चालू.

हळदबाजार, सोमवार, रात्री १०:१२

धाग्यावर बसलो आहे. भडंगाचा पुडा फोडलाय, कांदा चिरून होईपर्यंत जाणकारांनी यावं.

जुना_युनिक्सवाला, सोमवार, रात्री ११:३०

लॅबवाली ताई, तुमचं मत अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं नीट पाहायला हवं, नाहीतर ३ वर जाऊनही तुम्ही दुसऱ्या खड्ड्यात पडाल.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणलं तेव्हा ‘सर्व्हरने काही लक्षात ठेवायचं नाही’ हा विचार मुद्दाम केला होता. आवृत्ती २ चा आरएफसी (प्रोटोकॉलचं प्रसिद्ध केलेलं लेखी वर्णन) १०९४ मार्च १९८९ चा आणि आवृत्ती ३ चा आरएफसी १८१३ जून १९९५ चा. दोन्हींत ‘फाइल उघड’ अशी विनंतीच नाही. क्लायंटकडे फाइल हँडल (सर्व्हरने दिलेली फाइलची खूण) असतं आणि प्रत्येक वाचनात तो सगळं सांगतो: ही फाइल, इतक्या बाइटपासून, इतके बाइट. त्यामुळे सर्व्हर मध्येच मेला तरी क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. एक तुकडा दोनदा वाचला किंवा तोच मजकूर त्याच जागी दोनदा लिहिला तर काही बिघडत नाही. त्या काळच्या यंत्रांचा आणि जाळ्यांचा विचार करता ही फार सुंदर रचना होती, हे मी आजही मानतो.

पण सगळ्याच विनंत्या अशा नसतात. ‘ही फाइल काढून टाक’ घ्या. सर्व्हरने काढली, उत्तर वाटेत हरवलं, क्लायंटने पुन्हा विचारलं, सर्व्हर म्हणाला ‘अशी फाइल नाही’. काम झालेलं असूनही प्रोग्रॅमला चूक मिळाली. म्हणून सर्व्हरमध्ये अलीकडच्या विनंत्यांची उत्तरं जपणारा कॅशे आला. आता ही आठवण नाही तर काय?

दुसरं उदाहरण बघा. युनिक्समध्ये उघडी असलेली फाइल काढली तरी ती बंद होईपर्यंत वाचता येते. आवृत्ती ३ च्या सर्व्हरला फाइल उघडी आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून क्लायंट ती काढण्याऐवजी तिचं नाव बदलून ठेवतो. मुलांच्या डिरेक्टरीत टिंब-एनएफएसने सुरू होणाऱ्या विचित्र नावांच्या फायली पाहिल्या असतील, त्या ह्याच. क्लायंट मध्येच मेला की त्या तशाच पडून राहतात.

तिसरं म्हणजे लॉक, एका वेळी एकानेच फाइल बदलावी म्हणून घेतलेला ताबा. लॉक हा प्रकार आठवणीशिवाय होऊच शकत नाही. म्हणून आवृत्ती ३ च्या शेजारी लॉकचा वेगळा प्रोटोकॉल उभा केला आणि कोण जिवंत, कोण मेलं हे कळवायला त्याच्या जोडीला आणखी एक. सर्व्हर काही लक्षात ठेवत नव्हता असं नाही, ती वही शेजारच्या खोलीत होती.

अजिंक्यतारा, मंगळवार, सकाळी ८:१५

काकांच्या तिसऱ्या मुद्द्याला +१. साताऱ्यात एमआयडीसीत आमचं डिझाइनचं ऑफिस आहे, तिथं हे भोगलंय.

आवृत्ती ३ होती. एका पोराच्या लॅपटॉपवर ड्रॉइंगची फाइल उघडी, लॉक घेतलेला, आणि लॅपटॉपचा मदरबोर्ड उडाला. यंत्र भंगारात गेलं, पण सर्व्हरच्या लेखी लॉक त्याच्याच नावावर. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात बघा, तसं झालं. रुमालवाला आलाच नाही आणि कंडक्टरला रुमाल उचलायचा अधिकार नाही. त्या प्रोटोकॉलमध्ये मुदतच नाही. क्लायंट पुन्हा उठून ‘मी रीबूट झालो’ असं कळवेल तेव्हाच लॉक सुटणार, आणि भंगारातलं यंत्र कुठून कळवणार?

शेवटी सर्व्हरची लॉक सेवा बंद करून चालू केली. त्यानं बाकीच्यांना ‘आपापले लॉक परत मागा’ असा निरोप जायला पाहिजे. पण ती निरोपाची सेवा दर वेळी वेगळा पोर्ट धरते आणि फायरवॉलनं काही यंत्रांचा निरोप अडवला. दोघांनी एकाच ड्रॉइंगवर लिहिलं. ग्राहकाकडं चुकीचं माप गेलं.

तेव्हा ३ वर जायचं तर लॉकच्या सगळ्या सेवांचे पोर्ट आधी पक्के करा ताई.

कासपठार, मंगळवार, सकाळी ८:४०

पोर्ट पक्के करणं हे पाच मिनिटांचं काम आहे. आणि मदरबोर्ड रोज उडत नाहीत.

प्रीतिसंगम, मंगळवार, दुपारी १:२०

लॅबवाली_सांगली, ३ वर जाण्याआधी दोन गोष्टी पाहून सांगाल का?

एक: कुठल्याही दोन यंत्रांवर होस्टनेम (यंत्राचं नाव सांगणारी) ही आज्ञा द्या आणि उत्तर जसंच्या तसं इथे लिहा.
दोन: सर्व्हरवर प्रॉकच्या खाली एफएस, त्यात एनएफएसडी, त्यात क्लायंट्स नावाची डिरेक्टरी आहे (कर्नल ५.३ पासून मिळते). समोर यंत्रं किती चालू आहेत आणि तिथे नोंदी किती दिसतात, ते मोजा.

नवी यंत्रं कशी बसवली तेही सांगा. प्रत्येकावर वेगळं इन्स्टॉलेशन केलं की एकाच डिस्कची प्रत सगळ्यांवर मारली?

तोवर आवृत्ती ४ हिशेब कसा ठेवते ते लिहितो, कारण धाग्याचा मूळ प्रश्न त्यातच आहे. अजिंक्यतारा यांचा रुमाल आवृत्ती ४ मध्ये मुदतीचा केला आहे. क्लायंट आधी स्वतःची ओळख देतो, मग सर्व्हर त्याला लीज देतो. लिनक्स सर्व्हरवर ही मुदत मुळात ९० सेकंद असते. क्लायंट जिवंत आहे तोवर ती वाढत जाते, ४.१ पासून प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीलाच सेशनचा (क्लायंट आणि सर्व्हरमधल्या चालू संभाषणाचा) क्रमांक जातो, त्यानेच नूतनीकरण होतं. उघडलेल्या प्रत्येक फाइलला आणि लॉकला सर्व्हर स्टेटआयडी देतो, १६ बाइटचा. वाचताना-लिहिताना क्लायंट तो दाखवतो. क्लायंट गप्प झाला आणि मुदत संपली, की सर्व्हरला त्याचं सगळं काढून घ्यायचा अधिकार आहे. ५.१९ पासूनचा लिनक्स सर्व्हर थोडी सबुरी दाखवतो: मुदत संपली तरी दुसरं कोणी तीच गोष्ट मागेपर्यंत ती काढून घेत नाही. मधली वायर अर्धा तास तुटली आणि कोणाला त्या फाइलची गरज पडली नाही, तर क्लायंट परत येऊन जिथे होता तिथून पुढे जातो.

काकांच्या पहिल्या मुद्द्यालाही ४.१ मध्ये चांगलं उत्तर मिळालं. सेशनमध्ये ठरावीक स्लॉट असतात, प्रत्येक स्लॉटला क्रमांक असतो आणि शेवटचं उत्तर सर्व्हर त्या स्लॉटपाशी जपतो. तीच विनंती पुन्हा आली तर काम पुन्हा न करता जपलेलं उत्तर देतो. आधीच्या कॅशेमध्ये अंदाज होता, इथे खात्री आहे.

जुना_युनिक्सवाला, मंगळवार, दुपारी ३:००

फार छान लिहिलंत. एक भर घालतो, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो.

सर्व्हर रीबूट झाला की त्याच्या मेमरीतले लॉक जातात. उठल्यावर तो थोडा वेळ नवं काही देत नाही, फक्त जुन्या लोकांना आपापलं परत मागू देतो. हा ग्रेसचा काळ. पण मागणारा खरं बोलतोय कशावरून? समजा अ यंत्राकडे लॉक होता. अ ची वायर तुटली, मुदत संपली, लॉक ब ला मिळाला, ब ने फाइल बदलली आणि लॉक सोडला. तेवढ्यात सर्व्हरची लाईट गेली. आता सर्व्हर उठला आणि अ ची वायरही जुळली. अ म्हणतो, ‘लॉक माझा होता, परत द्या.’ त्याच्या बाजूने तो खरंच बोलतोय, पण लॉक दिला तर ब ने केलेला बदल मातीत जाईल.

म्हणून सर्व्हरला एक छोटी यादी मेमरीत न ठेवता डिस्कवर ठेवावी लागते: कुठले क्लायंट माझ्याकडे वैध होते. ज्याची मुदत संपून हक्क गेला, त्याचं नाव त्या यादीतून काढलेलं असतं. त्यामुळे अ ची मागणी नाकारली जाते. लॉक कोणते होते हे लिहायची गरज नाही, ते क्लायंट सांगतात. क्लायंट विश्वासाचा आहे का, एवढंच सर्व्हर लिहून ठेवतो. दोघांनी मिळून आठवण वाटून घेतली आहे. चाळीस वर्षांत या क्षेत्रात झालेल्या सगळ्यात समंजस तडजोडींपैकी ही एक, असं माझं ठाम मत आहे.

ऊसपट्टा, मंगळवार, संध्याकाळी ६:१०

लाईटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात गळीत हंगामात वजनकाट्याच्या पावत्या एनएफएसवर पडायच्या. वेग मिळावा म्हणून कोणीतरी सर्व्हरच्या एक्सपोर्टला असिंक लावून ठेवलं होतं. एका रात्री वीज गेली, यूपीएसनं दगा दिला, आणि शेवटच्या काही गाड्यांच्या पावत्या डिस्कवर नव्हत्याच. काट्यावरच्या पडद्यावर मात्र ‘जतन झाली’ असं आलं होतं. बैलगाडीवाले रात्रभर रांगेत थांबून वजन करून गेलेले. त्यांच्या उसाचं वजन पुन्हा कुठून आणायचं? हातानं लिहिलेली वही होती म्हणून निभावलं.

हे ३ मुळं झालं का ४ मुळं?

प्रीतिसंगम, मंगळवार, संध्याकाळी ६:४५

@ऊसपट्टा, दोन्हींमुळे नाही, निव्वळ असिंकमुळे. आवृत्ती ३ पासून क्लायंटला घाईत लिहिता येतं: सर्व्हर डेटा मेमरीत घेतो आणि ‘मिळाला, पण अजून डिस्कवर नाही’ असं सांगतो. क्लायंट आपली प्रत जपून ठेवतो, नंतर कमिटची विनंती पाठवतो आणि होकार आला की मगच ती सोडतो. उत्तरात एक व्हेरिफायर (खुणेचा आकडा) असतो. सर्व्हर मध्येच रीबूट झाला तर तो बदलतो, त्यावरून क्लायंट ओळखतो आणि सगळं पुन्हा पाठवतो. म्हणजे सर्व्हर विसरला तरी क्लायंट विसरत नाही. असिंक लावलं की सर्व्हर कमिटलाही डिस्कवर न लिहिताच होकार देतो. क्लायंट विश्वास ठेवून प्रत सोडतो, आणि मग वीज जाते.

एनएफएस-युटिल्स १.०.० पासून मूळ सेटिंग सिंकच आहे. कोणी मुद्दाम बदललं असेल तरच असिंक होतं. शेतकऱ्याच्या पैशाशी संबंधित काही असेल तिथे असिंक अजिबात नको.

मिरज_जंक्शन, मंगळवार, रात्री ८:३०

आणि सॉफ्ट माउंटही नको! मिरजेतल्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या प्रतिमा एनएफएसवर जायच्या. सर्व्हर अडला की यंत्र गोठतं म्हणून सॉफ्ट लावलं होतं. सॉफ्ट म्हणजे ठरावीक प्रयत्नांनंतर क्लायंट हात टेकतो आणि प्रोग्रॅमला चूक देतो. बहुतेक प्रोग्रॅम लिहिताना आलेली चूक तपासतच नाहीत. स्विच थोडा वेळ मान टाकायचा आणि अर्धवट प्रतिमा जतन व्हायची. खाली फुप्फुसाच्या जागी करडा पट्टा. रुग्णाला पुन्हा एक्स-रे काढायला बोलवायचं म्हणजे पुन्हा किरणांचा डोस, पुन्हा गावाकडून हेलपाटा.

कासपठार, मंगळवार, रात्री ९:००

हार्ड (क्लायंट हात न टेकता प्रयत्न करतच राहतो) लावलं की सर्व्हर गेल्यावर प्रक्रिया डी अवस्थेत अडकतात, मारल्या तरी मरत नाहीत. त्याचं काय?

मिरज_जंक्शन, मंगळवार, रात्री ९:०८

२.६.२५ कर्नलपासून किल मायनस नऊने मरतात. आणि अडकलेली प्रक्रिया दिसते तरी. अर्धवट फाइल दिसत नाही, ती महिन्यांनी सापडते.

आयर्विन_पूल, मंगळवार, रात्री ९:४५

अवांतर, पण सांगलीचा धागा आहे म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गावभागातल्या एका संस्थेचा सर्व्हर पाण्यात गेला. बॅकअप वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. नव्या यंत्रावर सगळ्या फायली उतरवल्या, नाव तेच दिलं, आयपी तोच दिला, आणि तरी प्रत्येक क्लायंटवर ‘स्टेल फाइल हँडल’. चिखल काढून दमलेल्या माणसांना वाटलं की बॅकअपच खराब निघाला. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बॅकअप उत्तम होता. फाइल हँडलमध्ये फाइलचं नाव नसतंच. कोणती फाइलसिस्टिम, तिथला आयनोड क्रमांक (फाइलसिस्टिमने फाइलला दिलेला आकडा) आणि त्याची पिढी एवढंच असतं. नव्या डिस्कवर उतरवलेल्या फायलींना नवे आयनोड मिळाले. क्लायंट जुने हँडल घेऊन उभे होते. सगळीकडे अनमाउंट करून पुन्हा माउंट केलं आणि एकूण एक फाइल मिळाली. त्या स्थितीत हे ठाऊक असलेला माणूस जवळ असणं फार मोलाचं असतं. म्हणून हा मुद्दा सगळ्यांनी डोक्यात ठेवा: आवृत्ती ३ मध्येही क्लायंटकडे आठवण असते, आणि सर्व्हर बदलला की ती शिळी होते.

हळदबाजार, मंगळवार, रात्री १०:००

भडंग संपलं, धागा संपेना. वाचनखूण साठवली आहे.

वाचनमात्र, मंगळवार, रात्री १०:२०

मला एक साधा प्रश्न आहे. एका यंत्रावर बनवलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर लगेच दिसत नाही. हेही ह्यातलंच का?

प्रीतिसंगम, मंगळवार, रात्री १०:३५

हो, क्लायंट फाइलची माहिती काही काळ स्वतःपाशी जपतो. फायलींसाठी ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरीसाठी ३० ते ६०, हे लिनक्सचे मूळ आकडे. नियम असा: एकाने लिहून बंद केली आणि दुसऱ्याने त्यानंतर उघडली, तर त्याला नवा मजकूर मिळालाच पाहिजे. दोघांनी एकाच वेळी उघडी ठेवली तर हमी नाही, तिथे लॉक लागतो.

लॅबवाली_सांगली, बुधवार, दुपारी १२:१०

प्रीतिसंगम, सापडलं असं वाटतंय, अंगावर काटा आलाय!

होस्टनेम: पहिल्या यंत्रावर लोकलहोस्ट. दुसऱ्यावर लोकलहोस्ट. उठून सगळीकडे पाहिलं, साठही यंत्रांचं नाव लोकलहोस्ट. पुरवठादाराने एका डिस्कची प्रत सगळ्यांवर मारून दिली होती. आणि सर्व्हरच्या क्लायंट्स डिरेक्टरीत, समोर बॅच पूर्ण भरलेली असताना, कधी एक नोंद तर कधी दोन. पुन्हा पाहावं तर क्रमांक बदललेला.

प्रीतिसंगम, बुधवार, दुपारी १२:४०

हेच ते. काय घडतंय ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणाला शोधताना हा धागा सापडला तर उपयोग होईल.

आवृत्ती ४ चा क्लायंट ओळख देताना दोन गोष्टी पाठवतो. एक कायमची ओळख आणि एक त्या बूटपुरता व्हेरिफायर. ओळख तीच आणि व्हेरिफायर वेगळा आला, की सर्व्हर समजतो हा क्लायंट रीबूट झाला. मग जुन्या उघड्या फायली आणि लॉक यांना धनी उरला नाही, ते टाकून द्यायचे. हा नियम अगदी योग्य आहे. त्यामुळेच रीबूट झालेल्या यंत्राचे लॉक लीज संपायची वाट न बघता सुटतात.

आता लिनक्सचा क्लायंट ४.१ पासून ही कायमची ओळख होस्टनेमपासून बनवतो. आयपी त्यात नसतो. तुमची साठ यंत्रं सर्व्हरच्या लेखी एकच यंत्र आहेत, जे सकाळपासून सारखं रीबूट होतंय. दुसरं यंत्र आलं की सर्व्हर पहिल्याचं सगळं टाकतो. पहिल्याची पुढची विनंती येते, सर्व्हर म्हणतो हे सेशन मला ठाऊक नाही. पहिलं पुन्हा ओळख देतं, त्याचा व्हेरिफायर वेगळा, म्हणून आता दुसऱ्याचं सगळं जातं. असं साठ जणांत फिरत राहतं. बॅच जितकी मोठी तितका गोंधळ जास्त, हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं, तिथेच मला संशय आला.

उघड्या फायली क्लायंट पुन्हा उघडू शकतो. लॉकचं तसं नाही. तो लॉक परत मागतो, सर्व्हर म्हणतो ग्रेसचा काळ चालू नाही. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी लॉक घेऊन फाइल बदलली नसेल कशावरून? म्हणून लिनक्सचा क्लायंट हरवलेला लॉक गुपचूप पुन्हा घेत नाही. तो त्या फाइलवर इनपुट आउटपुट एरर देतो. तुमच्या मुलांना आलेली चूक ही होती. त्रासदायक आहे, पण शांतपणे फाइल खराब करण्यापेक्षा ती हजारपटीने बरी.

उपाय: प्रत्येक यंत्राला वेगळं आणि कायमचं होस्टनेम द्या. ते शक्य नसेल तर एनएफएस मॉड्यूलला एनएफएस४ युनिक आयडी हा पॅरामीटर द्या, प्रत्येक यंत्राचा वेगळा. दर बूटला नवा बनवू नका. तसं केलं तर पडून उठलेलं यंत्र सर्व्हरला परकं वाटेल आणि त्याचेच जुने लॉक त्याला आडवे येतील. आणि मशीन-आयडी (प्रत्येक इन्स्टॉलेशनची ओळख) पाहा, इटीसीमधली. डिस्कची प्रत मारली की तीही सारखीच होते. तिच्यावरून युनिक आयडी बनवाल तर पुन्हा साठ जुळे तयार होतील.

अजिंक्यतारा, बुधवार, दुपारी १:००

काय पकडलंय राव! एका रुमालावर साठ जण हक्क सांगत होते.

कासपठार, बुधवार, दुपारी १:२५

मान्य, इथे दोष आवृत्तीचा नव्हता. तरी माझं म्हणणं सोडत नाही. आवृत्ती ३ वर हीच साठ यंत्रं चालली असती. ज्याला फक्त वाचायचंय, पाठ्यपुस्तकं, इन्स्टॉलेशनच्या प्रतिमा, तिथे ओळख, लीज, ग्रेस हा सगळा पसारा कशाला?

जुना_युनिक्सवाला, बुधवार, दुपारी २:१०

कासपठार, निव्वळ वाचनासाठी तुमच्याशी मी सहमत आहे. पण मुलांच्या होम डिरेक्टऱ्या म्हणजे लिहिणं आलं, लॉक आले. तिथे आवृत्ती ३ वर सर्व्हर लॉक मुदतीविना धरून बसतो, आणि लॅबमध्ये मुलं यंत्राचं बटण दाबूनच घरी जातात. तेव्हा तिथे ४.२ च हवं.

लॅबवाली_सांगली, शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

काल सुटी होती, ती वापरली. प्रत्येक यंत्राला ओळ आणि खुर्चीनुसार नाव दिलं, मशीन-आयडी रिकामी केली, रीबूट केल्यावर ती नव्याने बनली. आज सकाळी पूर्ण बॅच बसली. सर्व्हरवर साठ नोंदी, साठ वेगळी नावं, आणि दिवसभर लॉगमध्ये एकही रिक्लेमची ओळ नाही. फायरफॉक्स तर आधीपेक्षा लवकर उघडतो.

प्रीतिसंगम, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. पोरांची परीक्षा आता निर्धास्तपणे घेईन.

एक शेवटचं विचारते. आज दुपारी लाईट गेली आणि सर्व्हर परत आल्यावर बराच वेळ कोणालाच फाइल उघडता येईना. मग आपोआप सुरळीत झालं. हा काकांनी सांगितलेला ग्रेसचा काळ ना? परीक्षेत असं झालं तर तेवढा वेळही भारी पडतो. कमी करू का?

प्रीतिसंगम, शुक्रवार, संध्याकाळी ६:०५

हो, तोच. मुळात ९० सेकंद. ४.१ पासून प्रत्येक क्लायंट ‘माझं मागून झालं’ असं कळवतो, आणि यादीतल्या सगळ्यांनी कळवलं की लिनक्स सर्व्हर ग्रेस लवकर संपवतो. पण लाईट गेल्यावर तुमची काही यंत्रं बंदच राहिली असणार. ती कळवत नाहीत, म्हणून पूर्ण काळ जातो.

लीज आणि ग्रेस दोन्ही ३० वर आणता येतील, पण दोन्ही बरोबरच बदला. ग्रेस लीजपेक्षा लहान ठेवली तर जिवंत क्लायंटला सर्व्हर उठल्याचं कळायच्या आधीच मागायची वेळ निघून जाईल. आणि लीज फार लहान केली तर स्विच जरा अडखळला तरी लॉक धोक्यात. तुमच्या लॅबला ३० पुरे. बदल एनएफएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहा आणि सर्व्हरची सेवा संध्याकाळी, मुलं गेल्यावर पुन्हा चालू करा.

ऊसपट्टा, शुक्रवार, रात्री ८:२०

ताई, सर्व्हरला आणि स्विचला एकाच यूपीएसवर घ्या, आणि यूपीएसची बॅटरी परीक्षेआधी खरोखर लोड देऊन तपासा. दिव्यावर विश्वास ठेवू नका.

हळदबाजार, शुक्रवार, रात्री ९:००

आमच्या आडत दुकानात सगळं एकाच यंत्रावर कंटेनरमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या कप्प्यांत) चालतं. बिलाचा एक, साठ्याचा एक, दोन्ही आपापलं एनएफएस माउंट करतात. आणि दोन्हींना कोणीतरी एकच नाव दिलंय, आत्ता जाऊन बघितलं. मी पण ह्याच रांगेत का?

प्रीतिसंगम, शुक्रवार, रात्री ९:१५

दोन्हींचं नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) वेगळं असेल तर हो. सिस खालच्या एफएस, एनएफएस, नेट, एनएफएस क्लायंट या वाटेने गेलात की आयडेंटिफायर नावाची फाइल मिळेल, प्रत्येक नेमस्पेसची वेगळी. माउंट करण्याआधी त्यात प्रत्येक कंटेनरची कायमची वेगळी ओळख लिहा. माउंट झाल्यावर लिहून उपयोग नाही, त्या माउंटला जुनीच ओळख चिकटलेली असते. आधी अनमाउंट करा.